पुढच्या सीटचा बेल्ट

"उद्या पोलिसांचा साहेब येतोय गाडी बघायला," बायको म्हणाली. "बेल्ट कसा तुटला ते बघणार आहे."

मिस्त्रीने ताट बाजूला सारलं. "किती वाजता?"

"का? पळून जायचंय?"

नातू गेल्यापासून घरात असंच चाललं होतं. मिस्त्री बोलला तर शिव्या, नाही बोलला तर जास्त शिव्या.

आतल्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला पट्टी, हात गळ्यात. कुणी विचारो न विचारो, ती एकच सांगायची. "मी लावला होता त्याला बेल्ट. तुटला तो."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "हिचा टिकला, पोराचा तुटला. दोन्ही तुम्हीच बसवलेले. लेकीला नवी पट्टी आणि नातवाला भंगारातली, असंच ना?"

"हात धुतो," म्हणून मिस्त्री उठला.

गाडी मिस्त्रीचीच. त्याच्या जन्माच्याही आधीची, गोल डोळ्यांची, कासवासारख्या पाठीची. भंगारातून उचलून त्याने तिला माणसात आणलं होतं. एवढ्या जुन्या गाडीला बेल्टची सक्ती नव्हती, बनवणाऱ्यांनी तो दिलाच नव्हता. पण नातू पुढच्या सीटवर बसायला लागला तसं मिस्त्रीला चैन पडेना. गॅरेजवर जमणारे जुन्या गाड्यांचे शौकीन हसले.

"अस्सल माल आहे रे, भोकं पाडून नासवतोस कशाला?"

"डोकंही अस्सलच असतं," मिस्त्री म्हणाला आणि ड्रिल लावलं.

खालून जाड पत्रा जोडून त्याने बोल्ट आवळले. आपोआप गुंडाळणारा बेल्ट त्या गाडीत बसेना, म्हणून साधाच बसवला. पट्टी मोकळी लोंबायची, वापरून झाली की घडी करून ठेवायची.

नातवाला सगळे भुंगा म्हणायचे, कारण तो दिवसभर तोंडाने गाडी चालवायचा. तेव्हा तो नुकताच गाठ मारायला शिकला होता. बुटांच्या जुन्या लाल नाड्या घेऊन घरभर फिरायचा. टेबलाच्या पायाला गाठ, बेल्टच्या घडीला गाठ, झाडूला गाठ, आजीच्या चष्म्याला गाठ. आणि गाठही अशी की भल्याभल्यांना सुटू नये. आजी ओरडायची, "अहो, पक्कड आणा!" मिस्त्री हसून हसून लोळायचा.

मग एका सकाळी शाळेला उशीर झाला. मुलगी घाईघाईत त्याला गाडीत घालून निघाली. वळणावर समोरून ट्रक आला. तिने गाडी रस्त्याखाली घातली, आणि भुंगा काचेतून बाहेर फेकला गेला.

आता गॅरेजला कुलूप होतं. शौकीन मंडळी फोन उचलत नव्हती. दारावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'इथे नातू मारून मिळतील.' मिस्त्रीने ते पुसलंही नव्हतं.

हात धुऊन तो मागच्या दाराने निघाला. खिशात एक कानस आणि एक पातं होतं.

गाडी चौकीमागच्या आवारात पडली होती. अपघाताच्या दिवशी तिला ओढून आणायला मिस्त्रीच गेला होता. साखळी कुठे लावायची हे दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. आवाराचा राखणदार त्याचा जुना दोस्त.

"आलास?" राखणदार म्हणाला. "वाटलंच होतं मला."

"पाच मिनिटं दे."

"पुरावा पुसायला आलायस ना?"

"हो."

एवढं सरळ उत्तर येईल असं राखणदाराला वाटलं नव्हतं. त्याचं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत? तुझ्या घरचं पोर असतं तर..."

"माझ्याच घरचं होतं. फाटक उघड."

राखणदाराने फाटक उघडलं आणि पाठ फिरवली. आधी चेपलेल्या दाराची करकर ऐकू आली, मग कानशीचा बारीक आवाज. घासतंय, थांबतंय, पुन्हा घासतंय. मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याची बोटं सोलली होती. एक मूठ खिशातच होती.

"झालं तुझं?" राखणदार म्हणाला. "आता या फाटकाशी पुन्हा दिसू नकोस."

दुसऱ्या दिवशी साहेबाने सगळ्यांसमोर गाडीत वाकून पट्टी ओढली. तिचा अर्धाच तुकडा त्याच्या हातात आला. टोकाला नुसते दोरेच दोरे.

"कुजका माल!" साहेब म्हणाला. "कुणी बसवला?"

"मी."

"कुजकाय हे माहीत होतं?"

"होतं."

"सक्ती नव्हती, कुणी मागितला नव्हता. मग हा खोटा बेल्ट बसवून कुणाला फसवलंस रे?"

बायको मिस्त्रीच्या अंगावर धावून गेली, दोघांनी तिला धरलं. "माझ्या घरात पाय ठेवायचा नाही," ती किंचाळली. "मेलात तरी नाही!"

मुलीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"सांगत होते ना मी," ती म्हणाली. "मी लावला होता. लावला होता मी." आणि आईच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली. तिच्या डोळ्याला पाणी येण्याची ही पहिलीच वेळ.

मिस्त्रीला चौकीत नेताना राखणदार घुटमळत जवळ आला.

"अरे, मग काल तू पुसलंस तरी काय?"

मिस्त्री पुढे चालत राहिला.

आत शिपायाने खिसे रिकामे करायला लावले. गॅरेजची किल्ली निघाली, रुमाल निघाला, आणि सगळ्यात शेवटी बुटाच्या लाल नाडीचं एक वेटोळं, बेल्टची घडी आत मावेल एवढं.

"हे काय आणि?" म्हणत शिपायाने गाठीला नखं लावली, मग दात लावले. भुंग्याने मारलेली गाठ आजवर कुणालाच सुटली नव्हती. त्यालाही सुटली नाही.