जेवणानंतरच्या गोळ्या

"तुमच्या मिस्टरांनी बायोप्सीनंतरच्या गोळ्या घेतल्या ना?" आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी विचारलं. "सुईबरोबर जंतू रक्तात गेलेत. शंभरात एखाद्यालाच होतं असं."

मी पर्समधून केमिस्टचं पाकीट काढलं. आत सहाच्या सहा गोळ्या तशाच होत्या. पाकिटावर लिहिलं होतं, 'जेवणानंतर'.

"नवरात्राचे उपास चालू होते हो," मी म्हणाले. "जेवण कुठलं? नुसती भगर."

प्रोस्टेटचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून हे उपास मीच त्यांना धरायला लावले होते. जन्मात कधी उपास न केलेल्या माणसानं माझ्यासाठी ते अगदी काटेकोर पाळले.

तेवढ्यात मुलगा रिपोर्ट घेऊन धावत आला. "आई, कॅन्सर नाही! तू धरायला लावलेले उपास फळाला आले."

मी पाकीट पदराखाली घेतलं.