अतालाया पंचावन्न मिनिटांवर

"नऊ किलो जास्त होतात, मावशी. टोपली तरी ठेवा, नाहीतर तुम्ही तरी राहा."

पुकाल्पाच्या विमानतळावर एल्मेर वजनकाट्यापाशी उभा होता. विमान बारा जणांचं. माणूस आणि त्याचं सामान एकत्रच काट्यावर चढवायचं, वजन जास्त भरलं की कुणालातरी मागे ठेवायचं, अशी रीत होती.

कसिल्दा ओचावानो काट्यावरून हलली नाही. पाइचे नावाच्या सुकवलेल्या नदीतल्या माशाची टोपली तिने पोटाशी धरली होती.

"सुनावणीच्या गेल्या दोन्ही तारखांना मलाच उतरवलंत," ती म्हणाली. "एकदा लाकूड कंपनीच्या करवतींसाठी, एकदा कुणाच्यातरी फ्रिजसाठी. नदीकाठची बाईच बरी जड लागते तुम्हांला."

मागे लाकूड कंपनीचा वकील बुस्तिन्सा घड्याळ बघत होता. तळं कंपनीचं की गावाचं, या दाव्याची शेवटची सुनावणी आज बारा वाजता अतालायाच्या सरकारी कचेरीत होती. जी बाजू हजर नसेल तिचा दावा तिथंच संपणार होता. तळं गेलं तर कसिल्दाच्या गावाची मासेमारी जाणार होती, आणि काठावरचं जंगलही. विमानाने सव्वादोनशे किलोमीटर, पंचावन्न मिनिटं. नदीने लाँचमधून तीन दिवस.

"बाई, ठेवा ते मासे आणि चला," बुस्तिन्सा म्हणाला. "अतालायात काय मासे मिळत नाहीत?"

"मासे मिळतात, साहेब. तळी मिळत नाहीत."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कसिल्दाने वकिलाच्या हातातल्या पेटीकडे बोट केलं.

"यांची पेटी मोजलीस का रे, एल्मेर?"

"त्यात नुसते कागद आहेत, मावशी."

"कागदाला वजन नसतं होय? त्याच कागदांनी आमचं अख्खं तळं उचललंय."

"बरोबर बोलतेय ती," कोंबड्या घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली. "मोजायचं तर सगळ्यांना मोज. माझ्या कोंबड्यासुद्धा मोजल्यास तू."

मग सगळेच बोलू लागले. एल्मेरने कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा काट्यावर चढवलं. वकिलाची पेटी एकवीस किलो भरली.

"पेटी सोडून मी काय हात हलवत जाऊ?" बुस्तिन्सा ओरडला. "या बाईला उतरवा."

"तिसऱ्यांदा?" कसिल्दाने विचारलं. ती पुन्हा काट्यावर जाऊन उभी राहिली. "उतरवून दाखवा."

तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. दहा वाजले. साडेदहा झाले. शेवटी वकिलाने निम्मे कागद बाहेर काढले, कसिल्दाने अर्धी टोपली विमानतळावरच्या हमालांना वाटून टाकली, बाकीच्यांनीही थोडंथोडं सामान मागे ठेवलं, आणि वजन जमलं.

तेवढ्यात वैमानिक आत आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"डोंगरावर ढग बसलेत. नऊला निघालो असतो तर पोचलो असतो. आता उद्या."

बुस्तिन्सा बाकावर बसला.

"माशांपायी घालवलंत," तो म्हणाला. "मी तर पगारी माणूस, मला दुसरा दावा मिळेल. तुमचं तळं गेलं त्याचं काय? दोन्ही बाजू इथंच बसल्यात, कळतंय का तुम्हांला?"

कसिल्दा एल्मेरच्या टेबलापाशी गेली आणि तिने वायरलेसकडे बोट दाखवलं.

"अतालायाला लाव. माझ्या भावाला सांग, चार दिवसांपूर्वी लाँचने गेलेल्या गावच्या सगळ्यांना घेऊन बाराच्या आत कचेरीत जाऊन बस. कंपनीचा वकील येत नाहीये."