वाकडी गोळी

बंदुकीची गोळी पुन्हा वाकडी बसली. डॉ. विष्णू देवस्थळींनी मशीनचा दांडा खाली ओढला आणि शिशाची एक बाजू खरवडून निघाली. मशीनच आता जुनं झालंय, असं ते पुटपुटले. समोरच्या स्टुलावर बसलेल्या अर्चनाने ती गोळी बाजूला टाकली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली.

बर्मिंगहॅमच्या त्या घराच्या गॅरेजमध्ये रविवारी दुपारी नवराबायकोचं हेच चाले. विष्णू रायफल क्लबचे जुने मेंबर. महायुद्धाच्या काळातल्या रायफलींसाठी ते घरीच शिसं ओतून गोळ्या पाडत. मग एकेक गोळी मशीनच्या तोंडात सरळ उभी करायची आणि दांडा ओढायचा. गोळी दाबली जाऊन नेमक्या मापाची होई आणि तिच्या खाचांमध्ये मेणाचं वंगण भरे. काम सोपं, पण हात स्थिर हवा. विष्णूंच्या हाताबद्दल तर कधीच कोणाला शंका नव्हती. हाडांचे सर्जन म्हणून त्यांचं गावभर नाव होतं.

मागच्या हिवाळ्यात कोणीतरी हॉस्पिटलच्या मेडिकल डायरेक्टरच्या कानावर घातलं, की डॉक्टरांचा हात थरथरतो. तपासण्या झाल्या. पार्किन्सन्स निघाला. ऑपरेशन थिएटर कायमचं सुटलं. कोणी सांगितलं ते हॉस्पिटलने कळू दिलं नाही, पण विष्णूंना ते विचारायची गरजच वाटली नाही. ऑपरेशनच्या टेबलापलीकडे रोज उभा असायचा तो स्वानंद, त्यांच्या हाताखाली शिकणारा रजिस्ट्रार डॉक्टर. पुण्याहून नवा आला तेव्हा याच घरात राहिलेला, अर्चनाच्या हातचं जेवलेला. विष्णूंनी त्याचं तोंड बघणं सोडलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वानंद जिथे जिथे कन्सल्टंटच्या, म्हणजे वरिष्ठ सर्जनच्या, जागेसाठी इंटरव्ह्यूला गेला, तिथे तिथे त्यांनी ओळखीतल्या कोणालातरी फोन केला. मुलगा विश्वासाचा नाही, एवढंच ते सांगत. तेवढं पुरत असे. बिचारा एकदा दारातही येऊन गेला. सर, मी नाही हो, असं म्हणत राहिला. विष्णूंनी दार लावून घेतलं.

आज सकाळी कळलं, की तो बायकोमुलीला घेऊन कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला. इथे आता आपल्याला कोणी उभं करणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. बऱ्याच दिवसांनी विष्णूंचा आवाज खुलला होता.

"गेला एकदाचा," ते म्हणाले. "घरचा म्हणून वाढवला, आणि पाठीत सुरा खुपसला."

अर्चनाने गोळी पुढे केली नाही.

"त्यानं नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं."

विष्णूंना हसूच आलं. थिएटरचं दारही जिने कधी पाहिलं नाही, तिला तिथलं काय ठाऊक असणार, असं त्यांनी विचारलं.

थिएटरमध्ये जायची गरजच पडली नाही, असं ती खाली बघत बोलू लागली. इथे समोर बसून ती दोन वर्षं बघत होती. आधी क्वचित एखादी गोळी वाकडी जायची, मग सारख्याच जायला लागल्या. तिने किती वेळा म्हटलं, एकदा दाखवून घ्या. त्यांनी दर वेळी मशीनला नावं ठेवली. आणि सोमवारी याच हाताखाली कोणाचा तरी गुडघा असणार, या विचाराने तिला रविवारी जेवण जात नसे.

विष्णूंनी दांडा सोडून दिला. मग त्या पोराचं वाटोळं होताना तू गप्प का बसलीस, असं त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, ते मला सोसलं," अर्चना म्हणाली. "माझ्याशी टाकलं असतंत, तर या परक्या गावात मी कोणाशी बोलले असते?"

विष्णू उठून घरात निघून गेले. ते तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही.