दुसरा गठ्ठा

“हे काय हाय?” हिंमतरावांनी चिंचेची शेंग बायकोच्या तळहातावर ठेवली.

पुष्पाबाईंनी ओठ जुळवले. डावीकडचे जुळले, उजवीकडचे मागे राहिले. “चिं... चिंच.”

“वा! आन् हे?”

“कुं... कुंडी.”

मलकापुरातल्या त्या अंगणात, हिरव्या जाळीखाली, चाळीस बोन्सायच्या घोळक्यात रोज सकाळी अशी शाळा भरायची. मास्तर हिंमतराव, वीज कंपनीतून निवृत्त झालेले वायरमन. विद्यार्थिनी त्यांची बायको. गेल्या फाल्गुनात पुष्पाबाईंच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चालणं काठीच्या आधाराने परतलं. बोलणं मात्र मुळापासून शिकावं लागत होतं.

बोन्साय मंडळाच्या ग्रुपवर हिंमतरावांचं कोण कौतुक! ‘माणूस असावा तर असा’, असं मंडळातले जानराव लिहायचे आणि खाली पंचवीस जण हात जोडायचे. हिंमतराव ते वाचून फोन पालथा ठेवायचे.

कारण त्या दिवशी काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. चिंचेच्या फांद्यांना वळण द्यायला तार बांधायची ती पानगळीतच. पानं नसली की फांद्यांचं वळण नीट दिसतं आणि नवी पालवी फुटायच्या आत काम उरकावं लागतं. त्यासाठी वर्षातून आठ-दहा दिवस मिळतात. बावीस वर्षं वाढवलेल्या चिंचेची मोठी फांदी त्यांनी अर्धी वाकवली होती. हात सोडला असता तर ती मोडली असती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, “अवो, इकडे या जरा. मले कसंतरीच होऊन राह्यलं.”

“आलो, आलो,” ते म्हणाले, आणि गेले नाहीत.

थोड्या वेळाने दुसरी हाक आली. तिच्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता. हिंमतराव वैतागून ओरडले, “थांब ना वं जराशी! तार बांधून राह्यलो ना!” तिसरी हाक आली नाही. फांदी सुरेख वळली. पाऊण तासाने ते चहा मागायला आत गेले, तेव्हा पुष्पाबाई ओट्याजवळ पडल्या होत्या.

उशीर का केला, असं डॉक्टरांनी विचारलं. हिंमतराव बोलून गेले, “तिनं आवाज दिला नाही.” मग तेच लेकीला सांगावं लागलं. भेटायला येणाऱ्या सोयऱ्यांना, मंडळाच्या लोकांना, सगळ्यांना पुष्पाबाईंच्या खाटेशेजारी बसून तेच सांगितलं, “काय करता, तिनं आवाजच दिला नाही.” पुष्पाबाई छताकडे बघत ऐकत असायच्या. खरं काय ते सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी चित्रांच्या कार्डांचे दोन गठ्ठे दिले होते. पहिल्यात वस्तू. दुसऱ्यात येणं, जाणं, पडणं, दुखणं, बोलावणं. पहिला संपला की दुसरा घ्या, म्हणजे त्या वाक्यं जोडायला लागतील, असं बजावलं होतं. पहिला गठ्ठा दिवाळीतच संपला. दुसरा हिंमतरावांनी शेणखताच्या डब्यामागे ठेवून दिला आणि रोज नवी नवी नावं काढत राहिले. उंबर, बोर, कवठ, झारी, कात्री. पुष्पाबाई कधी एका शब्दापुढे दुसरा ठेवू पाहायच्या. “पान... प...”

“नुसतं पान म्हण. घाई नाही करा लागत,” ते पटकन म्हणायचे. नवे कोंब खुडायची त्यांच्या बोटांना सवयच होती. स्वतःची लाज वाटायची त्यांना. खूप वाटायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नावंच.

होळीला लेक वैष्णवी माहेरी आली. रंग कालवायला अंगणात डबा शोधताना तिला शेणखताच्या डब्यामागे तो गठ्ठा सापडला.

“बाबा, हे कार्डं तर कोरे करकरीत हायेत! काऊन नाही घेतले?”

“घेणारच होतो,” हिंमतराव म्हणाले.

वैष्णवी आईपुढे मांडी घालून बसली. सर्वांत वरच्या कार्डावर दारात उभी राहून कुणाला तरी हाक मारणारी बाई होती. वैष्णवी त्या चित्राकडे बघत राहिली.

“आई, वर्षभर मनात हाय माह्या. त्या दिवशी तू बाबाले आवाज काऊन नाही दिला वं?”

आता आपणच सांगून टाकावं, असं हिंमतरावांना वाटलं. तोंडही उघडलं. “वैशू, त्या दिवशी...” इतकंच निघालं.

पुष्पाबाईंनी डावा हात वर केला. थांबा, असा. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हिंमतरावांना वाटलं, झालं, आता सुटलो एकदाचा. पुष्पाबाई लेकीकडे वळल्या. ओठ जुळवले.

“मी... आवाज... दिला...”

हिंमतरावांनी डोळे मिटले.

“...नाही.”

वैष्णवीने आईला मिठीच मारली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बाबा, ऐकलं का? पुरं वाक्य बोलली आई! हे तुम्हीच शिकवलं ना तिले?”

“हाव,” हिंमतराव म्हणाले. “मीच शिकवलं.”