मास्तरांची आवराआवर

"ही खुर्ची इथून हलणार म्हणजे हलणार," मास्तर म्हणाले.

"मग कपडे कुठे टाकू? तुमच्या डोक्यावर?"

"कपाटात."

बायकोने खुर्चीवरचा ढीग उचलून पलंगावर आदळला. मास्तरांनी खुर्ची गॅलरीत नेली.

मास्तर शिंपी होते. जन्म कात्रणांच्या ढिगात गेला. घरी शर्ट काढला की तो पडेल तिथे पडायचा आणि बायको उचलायची. मग त्यांनी दुकान बंद केलं. लोक आता तयार कपडे घेतात, म्हणाले. तेव्हापासून ते हात धुऊन घराच्या मागे लागले होते.

आधी दारातल्या चपलांचा ढीग गेला. मग पॅसेज. तिथे सायकल होती, वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, नातवाची तीन चाकांवर आलेली गाडी होती. सगळं भंगारात. मग ओट्याखालचा खण. त्यात रबरबँडपासून पान्यापर्यंत सगळे एकत्र नांदत होते. मास्तरांनी तो जमिनीवर पालथा केला आणि एकेका वस्तूची जागा ठरवली. बायकोने काडेपेटी जरा इकडची तिकडे ठेवली, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"अहो, संसार आहे हा. इथे राहतात माणसं."

"जिथलं तिथे ठेवायला काय जातं?"

"माझा जीव जातो."

तिला आणखी एक गोष्ट खटकत होती. तिच्या धाकट्या भावाचं येणं वाढलं होतं. भाऊ घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करायचा. तो आला की मास्तर चपला घालून त्याच्याबरोबर निघत आणि दुपार उलटल्यावर परतत. विचारलं तर, "जरा काम होतं."

शेजारीण एकदा मोकळ्या पॅसेजकडे बघत म्हणाली, "आमच्या दिरांनी अस्संच केलं होतं बाई. घर विकायचं तर आधी पसारा काढतात. गिऱ्हाइकाला घर मोठं दिसतं."

त्या दिवशी जेवताना तिने विचारूनच टाकलं.

"घर विकताय ना?"

मास्तरांचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. या घरात मी दोन पोरं वाढवली. आता मुलाच्या घरी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसणार नाही. सही मागाल तर मिळणार नाही."

"अगं, हे घर सोडून मी कुठे जाऊ?"

"मग माझ्या भावाशी कसली कुजबुज चालते?"

मास्तरांनी ताटातला उरलेला भात संपवला. "सांगेन."

"कधी? बाहेरून कुलूप लावल्यावर?"

मास्तर उठले आणि ताट धुऊन जिथल्या तिथे ठेवून आले. ते तिला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती भावाचं घर गाठायला निघाली. त्याला लहानपणी तिने कडेवर खेळवलं होतं. तो तिच्याशी खोटं बोलला असता तर तोंडावर दिसलं असतं. पण दार भावजयीने उघडलं.

"हे तर तुमच्याकडेच गेलेत, वन्सं. आत्ताच."

म्हणजे दोघं ती घराबाहेर पडायचीच वाट बघत होते. ती तशीच मागे फिरली. जिना चढताना काय काय बोलायचं ते तिने मनाशी ठरवून टाकलं. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला मास्तर तिच्याकडे पाठ करून चालत होते. डोक्याभोवती टॉवेल घट्ट आवळलेला, डोळे पूर्ण झाकलेले. भिंतीला हात न लावता ते स्वयंपाकघरात वळले. फळीवर हात नेला आणि चहाचा डबा उचलला.

"बरोबर," आतून भावाचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दाजी, डॉक्टर म्हणाले ते ऐकलंत ना? फार तर हा उन्हाळाभर दिसेल. ताईला कधी सांगणार?"

"सांगतो रे," मास्तर म्हणाले. "एकदा घर पाठ होऊ दे."