दुसऱ्या मजल्याचा नळ

हेमलताने नळाकडे गेलेला हात पुन्हा एकदा मागे घेतला. मोरीत लंगोटांची बादली काठोकाठ भरली होती, कडेवर बाळ किरकिरत होतं, आणि नळाला आज पाणी होतं. सकाळीच बिल्डिंगचे मालक सावळीरामशेठ खालचा व्हॉल्व्ह उघडून वर सांगून गेले होते, "बिल्डिंग बघायला निफाडचं गिऱ्हाईक येतंय. विचारलं तर पाणी भरपूर आहे म्हणायचं. शिकलेल्या आहात, कळतं तुम्हाला. नीट बोललात तर चालू ठेवीन."

भाडेकरू खोल्या सोडत नाहीत म्हणून दसऱ्याला त्यांनीच पाणी तोडलं होतं. आता होळी आली. लंगोट ती गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, नेऊन धूत होती, प्यायचं पाणी शेजारच्या आळीतून वर चढवत होती. तरी सकाळपासून तिने नळ उघडला नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. शेठबरोबर आलेले निफाडचे द्राक्षबागायतदार पुंजाराम दारातच थांबले, भिंतीवर बोटाने टकटक केली, छताची ओल बघितली.

"बागेचा पैसा घालायचाय, शेठ. बिऱ्हाडं टिकली पायजेत."

"टिकायला काय झालंय? सोडायलाच कुणी तयार नाही," शेठ हसले.

"ताई, पाण्याचं कसं हाय?"

"भरपूर आहे," हेमलता म्हणाली. "बसा, देते ना."

शेठनी समाधानाने मान डोलावली. तिने एक पेला माठातून भरला. दुसरा घेऊन मोरीत गेली आणि दोघांना दिसेल अशी बाजूला सरून नळ सोडला. नळ खोकला. नुसती हवा आली, मग गुरगुरत लालभडक पाणी, गंजाच्या खपल्यांसकट. पेला भरेपर्यंत ती शांतपणे उभी राहिली, मग नळ तसाच वाहता ठेवून बाहेर आली.

पुंजाराम उठून मोरीशी आले. "पाइप किती महिने कोरडा हाय, शेठ?"

"मोटरचं काम निघालं होतं, हो. किरकोळ."

"दसऱ्यापासून," हेमलता म्हणाली.

तिने तबक पुढे केलं. "दादा, तुम्ही हा घ्या. शेजारच्या आळीतला आहे."

पुंजारामांनी पेला एका घोटात रिकामा केला, टोपी नीट केली. "माणसं काढायला पाणी तोडायचं, अन् तीच माणसं दाखवून मला बिल्डिंग विकायची. नाय जमायचं, शेठ."

ते खाली उतरले. फाटक वाजलं.

"व्हॉल्व्ह बंद करतोय मी," शेठ दबक्या आवाजात म्हणाले. "या वेळेला कायमचा."

"करा ना." हेमलताने तबकातला दुसरा पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. "आधी हा घ्या, काका. घरी आलेल्याला पाण्याशिवाय कसं पाठवू?"

शेठचा हात पुढे आला नाही. तिचाही खाली गेला नाही. मागे मोरीत नळाचं पाणी निवळू लागलं होतं आणि बाळ तिकडे झेपावत होतं. तिने वळून पाहिलं नाही.