वीस साखळ्या

सहावा फटका मारूनही निशाण लांबच होतं. मुकुंदाने घाम पुसला आणि बॅग वाहणाऱ्या याकूबकडे पाहिलं. याकूब पन्नाशीचा, मूळचा परतूरचा. सिकंदराबादच्या या गोल्फ क्लबात वीस वर्षं तो साहेबलोकांच्या मागे चालला होता, त्यामुळे कुणाची फजिती झाली तरी चेहरा कोरा ठेवायची त्याला सवय होती.

"मैदान दुप्पट लांब वाटून राह्यलंय," मुकुंदा म्हणाला.

"परक्या मैदानात सगळ्यांनाच वाटतं, साब. दोनचार फटके जास्ती लागतेतच."

दोनचारच लागले असते तर मुकुंदाने देवाला नारळ फोडला असता. पाच फटक्यांच्या त्या पहिल्याच होलला त्याला नऊ लागले.

गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला काही फटके माफ असतात. जितका कच्चा, तितकी माफी मोठी. तिलाच हँडिकॅप म्हणतात. जालन्याच्या क्लबात वकीलसाहेबांना वीस माफ होते, डॉक्टरांना चौदा. मुकुंदाच्या नावापुढे मात्र फळ्यावर शून्य होतं. त्याला कसलीच माफी लागत नसे. त्या शून्याची कीर्ती ऐकून सिकंदराबादहून पत्र आलं होतं : खेळ शिकवायला माणूस हवा आहे, दोन दिवस खेळून दाखवा, शून्य खरं ठरलं तर नोकरी तुमची.

तहसील कचेरीने रजा नाकारली तेव्हा त्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि मग घरी सांगितलं. बायको विमल हरखली, भांडी बांधायला बसली. वडील नरहरराव, घरातले अण्णा, तेवढे हरखले नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, "जायलाच पाहिजे का?" म्हाताऱ्या माणसाला घर सुटणं जड जातंच, असं मुकुंदाने मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तर पहिला दिवस बरा म्हणायची पाळी आली. क्लबाचा सेक्रेटरी भला माणूस. त्याने चहा पाजला, हँडिकॅप नव्या मैदानावर जरा डगमगतोच असं सांगितलं, मैदानाचं छापील कार्ड आठवण म्हणून हातात ठेवलं आणि निरोप दिला. गाडीत मुकुंदाने कार्ड पाहिलं. पहिला होल, लांबी वीस साखळ्या. जालन्याचा पहिला होलही वीसच साखळ्यांचा. म्हणजे खोट मैदानात नव्हती, आपल्यातच होती. परभणी येईपर्यंत त्याने डोकं वर केलं नाही.

जालन्यात बातमी त्याच्या आधी पोचली होती. क्लबाच्या फळ्यावर शून्य पुसून चोवीस लिहिलं होतं. वकीलसाहेब हसत म्हणाले, उथळ पाण्याला खळखळाट फार. कचेरीत त्याच्या खुर्चीवर रामराव नावाचा नवा कारकून बसला होता. विमलने बांधलेली भांडी मुकाट्याने सोडली. ती रडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

आठवडाभर तो घराबाहेर पडला नाही. मग एका सकाळी त्याच्या मनात पाप आलं. जालन्याचं मैदान अण्णांनीच आखलेलं. बारा वर्षांपूर्वी एका रेल्वेच्या साहेबाने कागदावर नकाशा काढला आणि आखणीच्या आधीच त्याची बदली झाली. मग मोजणी खात्यातल्या नरहररावांनी साखळी धरून एकट्याने सगळं मैदान उभं केलं. जालन्याची मंडळी तिथेच खेळ शिकली, बाहेरचा खेळाडू तिकडे कधी फिरकला नाही. "वीतभर चूक काढून दाखवा," असं अण्णा पाहुण्यांना छाती काढून सांगत. निघाली असेल तर? पाचसहा साखळ्या कमी भरल्या असतील तर?

त्याने खुंटीवरची अण्णांची मोजणीची लोखंडी साखळी घेतली आणि एकटाच मोजत सुटला. पहिला होल बरोबर वीस साखळ्या भरला. अण्णा वीतभरही चुकले नव्हते. वडिलांवर संशय घेतल्याची त्याला लाज वाटली. हिशेब मिटवून टाकावा म्हणून त्याने खिशातलं कार्ड काढलं. तेव्हा वीस साखळ्यांच्या खालची बारीक अक्षरं त्याला पहिल्यांदा दिसली : तेराशे वीस फूट.

अण्णांची साखळी तेहेतीस फुटांची. वीस गुणिले तेहेतीस, सहाशे साठ.

तो मातीतच बसला. साहेबाची साखळी सहासष्ट फुटांची असते आणि साहेबाने नकाशात तीच धरली होती, हे आता उमगलं. बारा वर्षं सगळं जालना अर्ध्या मैदानावर खेळत होतं. त्याचं शून्य कधी खरं नव्हतंच, आणि वकीलसाहेबांचे वीसही नव्हते. क्लबात जाऊन एवढं सांगितलं की त्याची लाज झाकली जाणार होती; सगळेच सारखे उघडे पडणार होते. पण मग अण्णा? उभ्या आयुष्यात त्यांनी अभिमानाने मिरवावी अशी ही एकच गोष्ट. जन्मदात्याला या वयात चुकीचा ठरवायचं, तेही आपली अब्रू वाचवायला! मुकुंदाने साखळी गोळा केली. नाही सांगायचं, कधीच नाही. निदान एवढं तरी आपल्या हातून चांगलं घडावं.

नरहरराव ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावरची साखळी पाहिली.

"बराबर भरलं का?"

"बिलकुल बराबर, अण्णा. वीसच्या वीस."

म्हाताऱ्याने मान हलवली.

"साहेबाची साखळी दुप्पट असती हे मला तवाच ठाऊक होतं, मुकुंदा. तिनं मोजलं असतं तर ख्वाजामियाँच्या, कडूबाच्या घरासकट मैदानापल्याडची बावीस घरं उठली असती. आता लोक तुला हसतेत तर हसू दे, पन बोलू नको. मैदान अजूनबी वाढवता येतं."